स्कायलर डोक्यात जाते, मान्य. पण ॲना गननं काम कसं केलंय?

‘ब्रेकिंग बॅड’ नुकतीच संपवलेला माणूस साधारण तीन वाक्यं बोलतो. ‘काय ॲक्टिंग केलीय राव!’ ‘वॉल्टर व्हाइट म्हणजे बाप माणूस.’ आणि ‘ती स्कायलर जाम डोक्यात जाते.’ पुढे बोलायला हाताशी काही नसतं. समोरचा ‘हो ना’ म्हणतो नाहीतर ‘मला नाही बुवा वाटलं तसं’ म्हणतो आणि गाडी क्रिकेटवर जाते.

तुम्हाला त्या तीन वाक्यांच्या पुढे जायचं असेल, गाजलेल्या मालिकांमधल्या पात्रांवर आणि नटांच्या कामावर तासभर भांडता यावं असं वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्यासाठी सिनेमाचा कोर्स करावा लागत नाही. काय बघायचं आणि बघितलेलं कसं सांगायचं, एवढं जमलं की पुरतं.

उदाहरणं मुद्दाम दोनच मालिकांतली घेतोय: ‘ब्रेकिंग बॅड’ आणि तिच्यातूनच निघालेली ‘बेटर कॉल सॉल’. पहिली २००८ ते २०१३ अशी चालली, ६२ भाग. दुसरी २०१५ ते २०२२, ६३ भाग. दोन्ही अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात घडतात. पहिलीत शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे वॉल्टर व्हाइट कॅन्सरचं निदान झाल्यावर मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतात. दुसरीत जिमी मॅकगिल नावाचा धडपड्या वकील हळूहळू सॉल गुडमन, म्हणजे पहिलीतला गुन्हेगारांचा वकील, होतो. कर्ताकरविता एकच, व्हिन्स गिलिगन. दुसरीत त्यांच्या जोडीला पीटर गुल्ड. बरीच पात्रं आणि नटही तेच. त्यामुळे एकच नट तीच भूमिका काही वर्षांच्या अंतराने करताना दिसतो. नवख्याला शिकायला याहून सोयीचं काही नाही.

आधीच सांगतो, ‘ब्रेकिंग बॅड’च्या पाचव्या सीझनच्या पूर्वार्धापर्यंतच्या आणि ‘बेटर कॉल सॉल’च्या तिसऱ्या सीझनमधल्या काही गोष्टी खाली फुटणार आहेत. शेवट दोन्हींचे सांगणार नाही. ज्यांना एवढंही नकोय त्यांनी आधी बघून यावं. लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १: मूळ आवाजातच बघा

हिंदी डबिंग असेल तरी नको. नटाचं निम्मं काम आवाजात असतं आणि डबिंगमध्ये ते दुसऱ्याच्या गळ्यात जातं. ड्रगमाफिया गस फ्रिंग करणारे जिआनकार्लो एस्पोसिटो धमकी देतानाही आवाज चढवत नाहीत. चिकनच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा शांतपणे, एकेक शब्द सुटा करत ते बोलतात. पुढच्या माणसाचं काय होणार आहे, हे त्या शांतपणावरूनच कळतं. डबिंगवाल्याने तिथे जरा जरी खलनायकी सूर लावला, तरी भूमिका गेली.

इंग्रजी सबटायटल्स लावायला लाजू नका. फक्त एक पथ्य: एखादा प्रसंग फार आवडला, तर तेवढा प्रसंग सबटायटल बंद करून पुन्हा बघा. डोळे पडद्याच्या खालच्या पट्टीवर खिळलेले असले, की चेहरे निसटतात.

मोबाइलवर दीडच्या स्पीडने बघणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. त्यांनी विकिपीडियावर कथा वाचावी, वेळ वाचेल.

पायरी २: पात्र वेगळं, नट वेगळा, लेखक वेगळा

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

स्कायलर ही वॉल्टरची बायको. पोटुशी आहे, घरात हप्त्यांची ओढाताण आहे. नवरा तासन्‌तास गायब होतो, खोटं बोलतो, दुसरा फोन वापरतो आणि विचारलं की उडवाउडवी करतो. ती प्रश्न विचारते. एवढ्या भांडवलावर तिने जगभरच्या प्रेक्षकांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या, की त्या शिव्या पात्रावरून नटीवर घसरल्या. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, मालिकेचे शेवटचे भाग चालू असताना, स्कायलर करणाऱ्या ॲना गन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून यावर बोट ठेवलं. स्कायलरच्या द्वेषासाठी फेसबुकवर पानंच्या पानं चालत होती, आणि खुद्द गन कुठे सापडतील, त्यांना मारायचंय, असं लिहिण्यापर्यंत एकाची मजल गेली होती. पुढच्याच महिन्यात त्यांना या भूमिकेसाठी एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं, २०१४ मध्ये पुन्हा मिळालं.

आपल्याला हे नवीन नाही. निळू फुले पडद्यावर आले, की बायाबापड्या बोटं मोडायच्या. प्रत्यक्षातला माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, साधा, सामाजिक कामात रमणारा. पण त्या बोटं मोडण्यात निदान ‘काम फर्मास केलंय मेल्यानं’ ही दादही असायची. स्कायलरच्या बाबतीत बऱ्याच जणांनी दाद गाळून नुसता राग ठेवला.

म्हणून ‘स्कायलर डोक्यात जाते’ असं वाटलं, की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पात्र नक्की काय करतं? नुसती यादी काढा. वॉल्टरच्या यादीत खून येतील, स्कायलरच्या यादीत प्रश्न येतील. (पुढे तीही पैशांच्या भानगडीत हात घालते, तेही लिहा, वकिली नको.)

लेखकाने तिला आपल्यासमोर कुठून आणलंय? कथा वॉल्टरच्या खांद्यावरून सांगितलेली आहे. त्याचं गुपित आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. त्यामुळे ती दारात उभी राहून ‘कुठे होतास?’ विचारते तेव्हा आपण नकळत तिच्यापासून काहीतरी लपवणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. चिडचिड होते ती तिथून. ही लेखकांनी रचलेली गोष्ट आहे, नटीची चूक नव्हे.

मग नटीने काय केलं? पाचव्या सीझनचा चौथा भाग काढा, वॉल्टरच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाचा. रात्री बेडरूममध्ये दोघांचं भांडण आहे. मुलांना घराबाहेर ठेवण्यासाठी ती एकेक उपाय सांगते आणि तो एकेक खोडून काढत पुढे सरकतो. ती मागे सरकत जाते. गन यांचा आवाज सुरुवातीला घट्ट आहे, मग फुटायला लागतो. शेवटी हातात काहीच उरत नाही तेव्हा ती सांगते, की तिला आता फक्त वाट बघणं शक्य आहे. कशाची, असं तो विचारतो. कॅन्सर परत येण्याची, ती म्हणते. हे ओरडून सांगता आलं असतं. गन ते जवळजवळ सपाट आवाजात सांगतात. रडणं, धाप, थरथर सगळं आधीच खर्च झालेलं असतं आणि हे वाक्य रिकाम्या झालेल्या बाईचं म्हणून येतं. हे पाहिल्यावरही स्कायलर डोक्यात जात असेल तर जाऊ दे, तो तुमचा हक्क. पण कामाबद्दल बोलताना आता तुमच्याकडे एक वाक्य, एक आवाज, एक खोली आहे.

पायरी ३: एकच प्रसंग धरा आणि तो सोडू नका

‘संपूर्ण मालिकेत अप्रतिम अभिनय’ या वाक्यावर कुणी काय बोलणार? त्याऐवजी तीन-चार मिनिटांचा तुकडा घ्या. कसा घ्यायचा ते एका प्रसंगावर दाखवतो.

दुसरा सीझन, बारावा भाग. वॉल्टरचा जोडीदार जेसी आणि त्याची मैत्रीण जेन, दोघंही नशेत बिछान्यात पडलेत. जेनने वॉल्टरला कात्रीत पकडून पैसे काढलेले आहेत. रात्री वॉल्टर तिथे येतो, जेसीला उठवायला गदागदा हलवतो आणि त्या धक्क्याने जेन उताणी होते. तिला उलटी होते, घुसमट सुरू होते. वॉल्टर धावत तिच्या बाजूला जातो, हात पुढे करतो. आणि थांबतो.

पुढचं सगळं ब्रायन क्रॅन्स्टन यांच्या चेहऱ्यावर आहे. संवाद नाही. हात मागे येतो. डोळे भरतात, हात तोंडावर जातो, रडू येतंय असं वाटतं. मग ते रडू आवरलं जातं आणि चेहरा हळूहळू बंद होतो, दार लोटून घ्यावं तसा. क्रॅन्स्टन यांनी नंतर अनेकदा सांगितलंय, की त्या क्षणी त्यांना समोर त्या नटीऐवजी स्वतःच्या मुलीचा चेहरा दिसला होता.

आता थर वेगळे करू. लेखकांनी काय केलं? त्याच भागात आधी वॉल्टरच्या तान्ह्या मुलीला कुशीवर निजवण्याचा, म्हणजे दूध उलटलं तरी घशात जाऊ नये म्हणून, साधा घरगुती प्रसंग ठेवला. म्हणजे उताण्या माणसाला काय होऊ शकतं, हे वॉल्टरला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. दिग्दर्शकाने काय केलं? मरणाऱ्या मुलीवरून कॅमेरा काढून बघणाऱ्या माणसावर ठेवला आणि घाई केली नाही. नटाने काय केलं? दया आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकामागून एक येऊ दिल्या, आणि कुठली जिंकली ते बोलून दाखवलं नाही.

इथून खरी चर्चा सुरू होते. ते रडू जेनसाठी आहे, की आपण काय होत चाललोय हे दिसल्याचं आहे? शेवटी चेहरा बंद होतो तो निर्ढावल्यामुळे, की बघवत नाही म्हणून? दोन समंजस माणसं यावर वेगळं बोलू शकतात आणि दोघांनाही त्याच चेहऱ्याकडे बोट दाखवता येतं. ‘वॉल्टर चांगला की वाईट’ या वादात ती सोय नसते. तो वाद घराघरांत वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यातून काही निघालेलं मी तरी पाहिलं नाही. त्यापेक्षा समोरच्याला विचारा, ‘तुझी सहानुभूती कुठल्या भागात सुटली?’ कुणी हा प्रसंग सांगेल, कुणी पहिल्या सीझनमधल्या फुटक्या बशीपाशीच उतरलेला असेल. उत्तरातून मालिकेइतकंच त्या माणसाबद्दलही कळतं.

पायरी ४: बोलणारा सोडून ऐकणाऱ्याकडे बघा

नवखा प्रेक्षक ज्याचा संवाद चालू आहे त्याच्याकडे बघतो. साहजिक आहे. पण मालिकांमधलं उत्तम काम बऱ्याचदा गप्प बसलेल्या माणसाकडे असतं.

जिमीची वकील मैत्रीण किम वेक्सलर करणाऱ्या रे सीहॉर्न यांच्यासाठी ही पायरी आहे असं समजा. ‘बेटर कॉल सॉल’च्या पहिल्याच भागात ऑफिसच्या पार्किंगमध्ये किम भिंतीला टेकून सिगारेट ओढतेय. जिमी येतो, तिच्या ओठांतून सिगारेट काढतो, झुरका घेतो, परत तिच्या ओठांत ठेवतो. बोलणं दोन-चार शब्दांचं. ती चमकत नाही, हसत नाही, मान वळवत नाही. अशी सिगारेट किती रात्री वाटून घेतली असेल, हे त्या न चमकण्यातून कळतं. जिमी सतत बडबड करणारं पात्र आहे. जिमी करणाऱ्या बॉब ओडेनकर्क यांची ती बडबड आपल्याला खरी वाटते, कारण समोर सीहॉर्न ती मोजूनमापून ऐकत असतात. जबडा किती घट्ट झालाय, भुवई हललीय का, फाइल बंद करताना हात किती हळू गेला, हे बघायला लागा. तिच्या केसांच्या पोनीटेलवरही लक्ष ठेवा.

कपड्यांकडे बघायची सवय इथेच लावून घ्या. पहिल्या भागातला वॉल्टर मळखाऊ, मातकट रंगांत असतो. पुढे पुढे अंगावर गडद रंग चढतात. स्कायलरची बहीण मरी सदानकदा जांभळ्यात. हे नटाचं काम नाही, पण नटाला त्याचा आधार मिळतो. म्हणून श्रेय वाटताना वेशभूषाकारांचा वाटा बाजूला काढून ठेवा.

पायरी ५: कुठलं आधी ठरलं होतं, कुठलं वाटेत घडलं?

आपण मराठी प्रेक्षक नाटकाच्या हिशोबाने अभिनय तोलतो. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये आलं. श्रीराम लागूंचा बेलवलकर, दत्ता भटांचा बेलवलकर, सतीश दुभाषींचा बेलवलकर, यावर लोकांनी रात्री जागवल्या. संहिता तीच, नट वेगळे, म्हणून तुलना सरळ. मालिकेत हे उलटं असतं. नट एकच, आणि संहिता त्याच्याकडे बघत बघत लिहिली जाते. म्हणजे नट भूमिका करतो तसा ती घडवतोही. हे डोक्यात बसलं, की चर्चेचा पोत बदलतो.

जेसी पिंकमनचं घ्या. गिलिगन यांच्या मूळ आराखड्यात तो पहिल्या सीझनमध्येच मरणार होता. तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला आणि पहिला सीझन सात भागांत आटोपला. त्यावरून संपाने जेसीला वाचवलं अशी एक लाडकी गोष्ट चाहत्यांत फिरते. गिलिगन यांनी ती खोडून काढलेली आहे: ॲरन पॉल यांचं काम पाहून त्यांचं मन संपाआधीच बदललं होतं. पॉल यांना पुढे या भूमिकेसाठी तीन एमी मिळाली, २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये. जेसी राहिला म्हणून वॉल्टरला सतत फसवायला, वाचवायला आणि वापरायला कुणीतरी मिळालं. तो गेला असता तर ही वेगळीच मालिका झाली असती.

माइकची गंमत याहून मोठी. जेनच्या मृत्यूनंतरची सफाई करायला, जेसीला काय बोलायचं ते पढवायला खरं तर सॉल स्वतः येणार होता. बॉब ओडेनकर्क दुसऱ्या एका विनोदी मालिकेच्या चित्रीकरणात अडकले होते. म्हणून लेखकांनी सॉलचा एक माणूस निर्माण केला आणि जोनाथन बँक्स यांना बोलावलं. अडचणीतून निघालेला तो थकलेल्या डोळ्यांचा म्हातारा पुढे दोन मालिकांचा खांब झाला. त्या पहिल्या प्रसंगात बँक्स काय करतात बघा: काहीच नाही. जेसी कोसळलाय, घरात प्रेत आहे, आणि हा माणूस नळ दुरुस्त करायला आल्यासारखा काम उरकतो. कुठल्याही लेखकाला या माणसाचं पुढे काहीतरी लिहावंसं वाटलंच असतं.

तर ‘हे पात्र किती छान लिहिलंय’ म्हणण्याआधी जरा थांबा. कदाचित आधी ते छान केलेलं असेल आणि मग लिहिलं गेलं असेल.

पायरी ६: विनोदी नटाला कमी लेखू नका

छोटी पायरी, पण आपल्याकडे गरजेची. क्रॅन्स्टन याआधी एका कौटुंबिक विनोदी मालिकेतले वेंधळे बाबा म्हणून माहीत होते. वाहिनीचे अधिकारी त्यांना घ्यायला तयार नव्हते. गिलिगन यांनी त्यांच्यासोबत १९९८ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’चा एक भाग केला होता, तो त्यांनी अधिकाऱ्यांना दाखवला आणि मग गाडी पुढे सरकली. ओडेनकर्क स्केच कॉमेडीतले. मायकेल मकीनही विनोदातच नाव कमावलेले. गिलिगन यांचा यामागचा विचार मला पटतो: ज्याला हशा नेमक्या क्षणी काढता येतो, त्याला शांतताही नेमक्या क्षणी ठेवता येते.

मकीन यांचा पुरावा हवा असेल तर ‘बेटर कॉल सॉल’, सीझन ३, भाग ५. जिमीचा मोठा भाऊ चक (मकीन) हा नामांकित वकील. विजेची ॲलर्जी आहे अशी त्याची खात्री आहे. वकील संघटनेच्या सुनावणीत तो जिमीविरुद्ध साक्ष देतोय, आणि प्रेक्षकांत त्याची घटस्फोटित बायको बसलीय. उलटतपासणीत जिमी त्याला कोटाचा खिसा तपासायला लावतो. खिशात मोबाइलची चार्ज असलेली बॅटरी निघते, पावणेदोन तासांपासून तिथेच होती, आणि चकला काही जाणवलं नव्हतं. इथे चक सावरू शकला असता. पण त्याच्या बाजूचाच वकील त्याच्या मानसिक आजाराचा विषय काढतो आणि बांध फुटतो. मी वेडा नाही, म्हणत तो जिमीच्या लहानपणापासूनची पापं मोजायला लागतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकत राहतो. गोम अशी, की चक जे बोलतोय ते बहुतांशी खरं आहे. आपण ते आधी पाहिलेलं आहे. पण ज्या आवाजात तो बोलतो त्या आवाजामुळे खरं बोलणारा माणूस वेडा दिसतो. मग तो थांबतो. खोलीतले चेहरे त्याला दिसतात. ते जे गप्प होणं आहे, ती उतरलेली नजर, ते एवढ्या मोठ्या भाषणापेक्षा अवघड काम आहे.

पायरी ७: पुरस्कारांचा दाखला जपून द्या

‘त्याला एमी मिळालंय’ हा मुद्दा नाही, माहिती आहे. वरच्या प्रसंगानंतर मकीन यांना २०१७ मध्ये साधं नामांकनही नव्हतं. ‘बेटर कॉल सॉल’ला एकूण ५३ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार शून्य. सीहॉर्न यांचं नाव अभिनयाच्या नामांकनात पहिल्यांदा आलं ते २०२२ मध्ये, मालिका संपायच्या वर्षी. ‘मॅड मेन’च्या जॉन हॅम यांना त्याच भूमिकेसाठी आठव्या नामांकनाला, २०१५ मध्ये एमी मिळालं, आणि एवढ्या गाजलेल्या मालिकेला अभिनयाचं एमी तेवढं एकच.

यात कटकारस्थान शोधू नका. नट एमीसाठी आपला एक भाग पाठवतो. ज्या भूमिकेत एका भागात स्फोट आहे तिला ते सोयीचं. जी भूमिका पन्नास भागांत कणाकणाने बदलते, तिच्यातला कुठला एक भाग पाठवणार? किमचं असं झालं, असं माझं मत.

पायरी ८: पाच ओळी लिहून बघा

बोलण्याआधी लिहा. मनातल्या मनात सगळं भारी वाटतं, कागदावर पोकळ जागा दिसतात. ‘जबरदस्त’, ‘कडक’, ‘अंगावर काटा’ हे शब्द पहिल्या मसुद्यात येऊ द्या, दुसऱ्यात खोडा. त्यांच्या जागी काय बघितलं ते लिहा. साधारण असं.

आधी: ‘चक एक नंबर माजोरडा आहे. भावाचं चांगलं बघवत नाही. पण कोर्टातली ॲक्टिंग म्हणजे कडक!!’

नंतर: ‘सीझन ३, भाग ५. चक खोटं बोलत नाही, तरी हरतो. मकीन सुरुवातीला प्राध्यापकासारखे बोलतात, वाक्यं पूर्ण करतात. भडकल्यावर वाक्यं तुटायला लागतात, आणि तेव्हाच आपण त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडतो. जिमी जिंकलाय, पण ओडेनकर्क यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नाही. मला वाटतं त्याला इथेच कळलंय की हा डाव परत घेता येणार नाही. तुम्हाला तिथे समाधान दिसलं का?’

दुसऱ्यात चार गोष्टी आहेत: कुठला भाग ते आधी सांगितलं, बघितलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवलं, ऐकणाऱ्याकडेही बघितलं, आणि शेवटी समोरच्याला खरा प्रश्न विचारला. असं लिहिलं की उत्तर म्हणून अंगठा येत नाही, भांडण येतं. तेच हवंय.

भाग क्रमांक सुरुवातीलाच टाकण्याचा आणखी एक फायदा: जो अजून तिथवर पोहोचला नाही तो पहिल्या ओळीत थांबू शकतो. मालिका संपून दहा वर्षं झाली म्हणून रहस्य फोडायला मोकळे, असं समजू नका. तुमची आतेबहीण काल पहिला भाग बघून मोकळी झाली असेल. कोण मेलं हे सांगून कुणाची मालिका नासवणाऱ्याला आमच्या मंडळींत पुढचे दोन चहा पाजावे लागतात. शिक्षा सौम्य आहे, पण वचक राहतो.

यापुढे काय बघाल

या दोन मालिका पचल्या, की ‘द सोप्रानोज’. १९९९ ते २००७, ८६ भाग. जेम्स गँडोल्फिनी आणि एडी फाल्को यांचं चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागातलं नवराबायकोचं भांडण वॉल्टर-स्कायलरच्या भांडणाशेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे कोण कधी खालच्या पट्टीत जातं ते टिपा. ‘मॅड मेन’मध्ये थेट उडी मारायची नाही, पण चौथ्या सीझनच्या सातव्या भागाची वाट बघा: १९६५ मधली मोहम्मद अली आणि लिस्टन यांच्या लढतीची रात्र, जाहिरात कंपनीच्या ऑफिसात अडकलेले डॉन (हॅम) आणि त्याची सहकारी पेगी. जवळजवळ सगळा भाग दोन माणसांच्या बोलण्यावर उभा आहे. नाटकवाल्यांना तो घरचा वाटेल.

आणि ‘द वायर’. २००२ ते २००८, ६० भाग, बाल्टिमोर शहर. हिला अभिनयाचं एकही नामांकन नव्हतं. एकूण दोन, दोन्ही लेखनाची. पहिले तीन भाग कोण कुणाचा माणूस हे लावण्यातच जातील आणि तिथली रस्त्यावरची बोली कानावरून जाईल. सबटायटल लावाच. फक्त चौथ्या भागात मॅकनल्टी आणि बंक हे दोन पोलीस जुन्या खुनाची जागा पुन्हा तपासायला जातात, तिथे ती बंद केली तरी चालतील. चारेक मिनिटं दोघं मोजमाप घेतात, फोटो ताडून बघतात, गोळी कुठून आली, कुठे गेली ते शोधून काढतात, आणि एवढ्या वेळात एकच शिवी निरनिराळ्या सुरांत म्हणत राहतात. कुठल्या शिवीत शंका आहे, कुठल्या शिवीत उलगडा झालाय आणि कुठली नुसती बोट चिमटल्याची आहे, हे तुम्हाला ओळखू आलं की सांगा. मग आपण बोलू.